बामसे परेडला निघतो

चर्चच्या तळघरात रविवारची कॉफी चालली होती. तेवढ्यात मेहुण्याने चारचौघांत विचारलं, "काय रे आर्विड, तुझं ते लोण्याचं पिंप यंदा जत्रेत कुठल्या गटात आणतोयस? दुभत्या जनावरांच्या?" आणि आर्विड टॉलेफसनच्या तोंडून निघून गेलं, "परेडच्या."

तळघरातले सगळे चमचे कपांत जागच्या जागी थांबले.

आर्विडला स्वतःलाही धक्काच बसला. गेले काही महिने हा विचार त्याच्या मनात होता हे खरं. पण हॉग्ली गावातल्या माणसाच्या मनात असं काही आलं, तर तो ते मनातच ठेवून तसाच देवाघरी जातो. विस्कॉन्सिनातलं हे गाव सगळं नॉर्वेकरांचं. पणजोबांनी बोटीतून येताना दोन गोष्टी आणल्या, एक कॉफीची किटली आणि दुसरा चारचौघांत उठून दिसण्याचा तिटकारा. मुलगा डॉक्टर झाला तर आई म्हणायची, "चाललंय त्याचं काहीतरी." कुणाचं घर जळलं तर म्हणायचे, "बरं नाही झालं." आणि एखादी गोष्ट बघून कुणी अगदीच भारावला, ऊर भरून आला, तर म्हणायचा, "वाईट नाही." त्यापुढे भाषाच नव्हती.

अशा गावात जत्रेतल्या घोड्यांच्या प्रदर्शनातला परेड गट म्हणजे एक गूढच होतं. वर्षभर मान खाली घालून लोणी-चीज विकणारी माणसं त्या एका दुपारी स्पॅनिश जमीनदार व्हायची. मखमली जाकीट, परातीएवढी हॅट, चांदीने मढवलेलं खोगीर! त्या वजनाखाली घोड्याने एक विशिष्ट चाल दाखवायची, गुडघे छातीपर्यंत, मान कमानीसारखी, वेग मात्र म्हाताऱ्या माणसाने फिरायला निघावं इतका. थोडक्यात, जायचं कमी आणि दिसायचं जास्त. या गटात सोनेरी घोडा लागतो, लांब रेशमी आयाळीचा. असा घोडा गावात एकच होता, गोल्डन सुलतान, आणि त्याचा मालक होता पामर नायगार्ड, म्हणजे मेहुणा, म्हणजे आर्विडची बायको रॅग्ना हिचा थोरला भाऊ. सफरचंदांच्या बागा, घोडेमंडळाचं अध्यक्षपद आणि दरवर्षीची पहिल्या नंबरची निळी रिबन, हे सगळं त्याच्याच घरात.

आणि आर्विडचा बामसे? तो जातीने फ्योर्ड. नॉर्वेच्या डोंगरात लाकडं ओढणारी ही जात, बुटकी, रुंद आणि विचारी. रंग लोण्याचा, पोट पिंपाचं. आयाळ उभी, कडेने पांढरी आणि मधोमध काळी पट्टी. न्हाव्याने मोठ्या निगुतीने केलेल्या भांगासारखी. आर्विड स्वतः खांबासारखा उंच. तो बामसेवर बसला की त्याचे पाय जमिनीला लागायला थोडंच कमी पडायचं. गावातल्या पोरांनी या जोडीचं नाव शिवणाचं मशीन ठेवलं होतं.

घरी आल्यावर रॅग्नाने हॅट काढून ठेवली आणि म्हणाली, "परेड?"

"तोंडातून निघालं गं."

"मग आता निघालंय ते निस्तर. ऐक आर्विड, माझी गॅरेजची जागा त्या घोड्याने खाल्ली. माझे मटारवेल खाल्ले. मागच्या आठवड्यात दोरीवरची उशीची खोळ खाल्ली. जत्रेतून रिबन आणलीस, कुठल्याही रंगाची, तर तो राहील. नाही आणलीस तर जत्रेनंतरच्या सोमवारी पामर ट्रेलर घेऊन येईल. त्याला बागेत पेट्या ओढायला घोडा हवाच आहे."

"पामर? त्याच्या हाताखाली बामसे?"

"पेट्या ओढायला काय हात आणि काय खाली."

आर्विडचं मेन स्ट्रीटवर चष्म्याचं दुकान होतं. गावाची नजर त्याच्या हातात होती, पण गावाची नजर त्याच्यावर कधी पडलेली नव्हती. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो घोड्याच्या छपरात जायचा आणि बामसे आपलं भलंमोठं डोकं त्याच्या खांद्यावर ठेवून डोळे मिटायचा. पन्नाशीला आलेल्या चष्मेवाल्याच्या खांद्यावर रोज कुणीतरी विश्वासाने डोकं ठेवतं ही काही लहानसहान गोष्ट नाही. ती गमवायच्या विचाराने त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. हॉग्लीत सल्ला कधी सल्ला म्हणून देत नाहीत. कुंपणापलीकडचे गुंडर ओसेन, पोस्टातून निवृत्त झालेले, कुंपणावर कोपर टेकून म्हणाले, "माझा काय संबंध म्हणा, पण आयाळ खाली पाडायला हवी."

"ती उभीच असते, गुंडर. जातच तशी आहे."

"माझा काही संबंध नाही. पण माझ्या बायकोकडे केस बसवायचं तेल आहे."

तेल लावलं. आयाळ अर्धा तास आडवी झाली आणि मग एकेक केस असा उभा राहिला की बामसेला कुणीतरी वाईट बातमी सांगितली असावी. त्यावर न्हावी म्हणाला, टोप लावा. औषधवाला म्हणाला, पिवळा रंग द्या, सुलतानासारखा दिसेल. पास्टर लुंडे सायकलवरून उतरले, घोड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "देवाने त्याला हे असं केलं, त्याअर्थी काही विचार असेल," आणि सायकलवर बसून गेले. या सगळ्यांत आर्विडला तोच सल्ला पटला.

खरी अडचण चांदीची होती. नियमात स्वच्छ लिहिलेलं की साजावर चांदी हवी. पामरचं खोगीर कॅलिफोर्नियातून आलेलं. ते उन्हात ठेवलं तर शेजारच्या गावातल्या गाई डोळे मिटून घ्यायच्या. आर्विडकडे त्याच्या काकांचं जुनं खोगीर होतं आणि त्यावर चांदीच्या जागी उंदरांच्या दातांच्या खुणा होत्या. गुंडर म्हणाले, "माझा काय संबंध, पण स्वयंपाकघरात चमकणारा कागद असतो बघ, बटाटे गुंडाळायचा." आर्विडने शनिवारची अख्खी दुपार घालवून खोगीर त्या कागदात गुंडाळलं. लांबून खरंच झकास दिसत होतं. मग ते बामसेवर चढवलं, तो श्वास घ्यायला फुगला आणि कागद टराटरा फाटला.

रॅग्ना स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत होती. ती बाहेर आली. नवऱ्याच्या बोटांना, कोपराला, एका भुवईला कागदाचे कपटे चिकटलेले होते. ती आत गेली आणि हातात एक छोटी डबी घेऊन परत आली. डबीत तिच्या आजीचा सोल्ये होता. चांदीची ही मोठी टाचणी सणासुदीला गळ्याशी लावायची. तिला चमच्यांच्या आकाराच्या इवल्या इवल्या टिकल्या लोंबत असतात आणि श्वास घेतला तरी किणकिणतात. हॉग्लीतल्या प्रत्येक घरात एक तरी असतोच, डबीत, कापसात, आजीच्या नावाने.

"हा छातीपट्ट्यावर लाव," ती म्हणाली.

"रॅग्ना! आजीचा?"

"घोडा गेला तरी मला चालेल. पण माझा नवरा बटाट्यासारखा कागदात गुंडाळून सगळ्या काउंटीसमोर गेलेला मला चालणार नाही."

ही गोष्ट सोमवारी दुपारपर्यंत गावभर झाली. संध्याकाळी ऑर्गनवाल्या ओविडिया क्योसबाई आल्या. त्या चर्चमध्येही वाजवायच्या आणि प्रदर्शनातही, आणि दोन्हीकडे तेवढ्याच भक्तीने. "जाता जाता आले," त्या म्हणाल्या. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. "हा आमच्या पणजीचा सोल्ये. घरात नुसताच पडून असतो. कुठेही लाव हो, मागे शेपटीखाली लावलास तरी माझं काही म्हणणं नाही." आणि बोलता बोलता त्यांनी तो स्वतःच्या हाताने छातीपट्ट्याच्या बरोबर मधोमध टोचला.

मग रांगच लागली. महिला मंडळातल्या एकजात सगळ्या जणी जाता जाता येऊन गेल्या. प्रत्येकीचं एकच म्हणणं, आपला कुठेही चालेल. आणि प्रत्येक जण आदल्या बाईचा हळूच दोन बोटं बाजूला सरकवून जायची. आठवड्याअखेरीला क्योसबाईंच्या पणजीचा सोल्ये बामसेच्या काखेत गेलेला होता. क्योसबाई परत एकदा जाता जाता आल्या, आणि गेल्या तेव्हा तो पुन्हा मधोमध होता. छातीपट्टा, खोगीर, लगाम, शेपटीचा पट्टा, सगळं चांदीने भरलं. गावातल्या सगळ्या आज्या-पणज्या आता एका घोड्यावर बसल्या होत्या. आर्विडला हात लावायची भीती वाटायला लागली. एक टाचणी हरवली असती तरी त्याला गाव सोडावं लागलं असतं.

रॅग्नाने मखमली पडद्याचं लाल जाकीट शिवलं आणि टपालाने मागवलेली काळी हॅट आली, ती दोन नंबर मोठी. घातली की चष्म्यावर टेकायची. तरी सगळा साज चढवून आर्विडने बामसेला अंगणात पहिलं पाऊल टाकायला लावलं, आणि गंमत झाली. पाऊल पडलं आणि अंगावरची सगळी चांदी किणकिणली. बामसे थांबला. कान पुढे केले. दुसरं पाऊल जरा बेताने उचललं, ठेवलं. किणकिण. आता त्याच्या लक्षात आलं की हा आवाज आपणच करतो. तिसरं पाऊल त्याने उंच उचललं, क्षणभर हवेत धरून ठेवलं आणि मग खाली सोडलं. मान आपोआप कमानीत आली. बामसे स्वतःचं संगीत ऐकत अंगणभर फिरला, गुडघे छातीशी, डोळे अर्धवट मिटलेले, आणि वेग म्हणाल तर कुंपणावरची गोगलगाय पुढे गेली.

"अरे, माझा काय संबंध," गुंडर कुंपणावरून म्हणाले, आणि पुढे त्यांना शब्दच सुचेना.

आर्विडच्या चष्म्यात पाणी आलं. मोठी हॅट होती म्हणून कुणाला दिसलं नाही.

जत्रेच्या दिवशी फाटकापाशीच पहिली माशी शिंकली. स्पर्धेचे कारभारी हेल्मर बाकन मोजपट्टी घेऊन उभे होते. घोडा खांद्यापाशी निदान अठ्ठावन्न इंच हवा. बाकननी पट्टी लावली, वाकून पाहिलं. "पाव इंच कमी."

"शक्य नाही, बाकनसाहेब. मी घरी मोजलाय."

बाकननी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पाहिलं. "आर्विड, आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर घोडा बुटका, नाहीतर तू वसंतात मला करून दिलेला हा चष्मा खोटा. काय ते तू सांग. मी लिहून घेतो."

मागे रांगेत अर्धं गाव होतं आणि त्या अर्ध्या गावाच्या नाकावर आर्विडचेच चष्मे होते. सगळे कान टवकारून ऐकत होते. आर्विडने घोड्याकडे पाहिलं, मग चष्म्याकडे. त्याच्या आयुष्यात असा बाका प्रसंग कधी आला नव्हता. तो ताठ झाला. "चष्मा बरोबर आहे," तो म्हणाला.

"मग घोडा..."

"घोडा झोपलाय!" मागून रॅग्नाचा आवाज आला. ती महिला मंडळाच्या कॉफीच्या स्टॉलकडे निघाली होती, हातात वॅफलच्या पिठाचं पातेलं. "डोळे असून दिसत नाही का हेल्मर तुला? मागचा पाय दुमडून उभा आहे तो. जरा जागा तर होऊ दे!" आणि तिने पातेल्यावर डाव आपटला. बामसेला पातेल्याचा आवाज जगात सगळ्यात प्रिय. त्याने चारही पाय जमिनीवर रोवले, मान वर केली आणि असा उभा राहिला की बाकनना पट्टी वर सरकवावी लागली. अठ्ठावन्न, आणि वर थोडं.

"चष्मा खरंच चांगला आहे," बाकन कबूल झाले.

मैदानात घोडे उतरले. सुलतान सोन्यासारखा झळाळत पुढे, पाठोपाठ चार-पाच घोडे बाहेरगावचे, आणि सगळ्यात मागे शिवणाचं मशीन. बाकांवरून हसण्याची एक बारीक लाट गेली. परीक्षक केंटकीहून आणलेले होते, लांब मिशांचे, खडूस, आणि मुख्य म्हणजे गावातल्या कुणाचेच नातेवाईक नसलेले. त्यांनी बामसेकडे पाहिलं आणि मिशी चावली.

आणि क्योसबाईंनी ऑर्गन सुरू केला.

बाईंचा हेतू अगदी निर्मळ होता. आर्विडला जोर यावा म्हणून त्यांनी आज होते नव्हते ते सगळे स्वर उघडले. असा आवाज उठला की छपरावरची कबुतरं उडाली. सुलतान त्याच्यावरच वाढलेला. त्याने ऑर्गनच्या तालावर गुडघे उचलले आणि पामर हॅट हलवत हसायला लागला. पण त्या गदारोळात बामसेला स्वतःची चांदीच ऐकू येईना. त्याने एक पाऊल टाकलं, कान फिरवले. दुसरं टाकलं. काही नाही. त्याचं तोंड असं उतरलं की बघवेना. मान खाली गेली, आणि तो संध्याकाळी गोठ्याकडे निघालेल्या गाईसारखा चालायला लागला.

आर्विड क्योसबाईंकडे बघून हातानेच 'हळू, हळू' म्हणाला. बाईंना वाटलं, अजून हवाय. त्यांनी पायाखालची पट्टी तळापर्यंत दाबली.

एक फेरी झाली. दुसरी झाली. परीक्षकांनी खिशातून कागद काढला. पामर जवळून जाताना वाकून म्हणाला, "सोमवारी सकाळी येऊ ना रे? ट्रेलर धुऊन ठेवलाय." आर्विडने बामसेच्या मानेवर हात ठेवला. हा हात सोमवारनंतर कुठे ठेवायचा, एवढंच एक डोक्यात होतं.

तेवढ्यात ऑर्गनने एक लांबलचक, घसरता हुंदका दिला आणि तो मेला. ध्वनिक्षेपक खरखरला आणि गप्प झाला. बाकांखालचे दिवे गेले. कॉफीच्या स्टॉलमधून बायकांची किंकाळी आली, कारण हॉग्लीत वीज गेली तर लोक सहन करतात, पण त्याबरोबर कॉफीची भांडी थंड होतात हे फार भयंकर.

मैदानात चिडीचूप. सुलतानला कळेना आता पाय कुठल्या तालावर टाकायचा. त्याने डावा उचलला, उजवा उचलला, दोन्ही उचलले, आणि पामरला घेऊन सरळ धावत सुटला. बाहेरगावचे घोडे गोंधळून एकमेकांवर आदळले.

आणि त्या शांततेत किणकिण ऐकू आली. बामसेचे कान उभे राहिले. तो थांबला. मग सावकाश, फार सावकाश, त्याने पुढचा पाय उचलला आणि छातीशी धरला. सगळ्या मैदानाने श्वास रोखला. पाय खाली आला. आज्या, पणज्या, सगळ्या एका सुरात किणकिणल्या. दुसरा पाय उठला. मान कमानीत आली, उभी आयाळ उन्हात चमकली, आणि ते लोण्याचं पिंप रिकाम्या मैदानाच्या मधून एखाद्या राजाने दरबारात यावं तसं आलं. बाकांवरच्या बायका पुढे झुकल्या, प्रत्येकीचे कान आपापली चांदी ओळखत होते.

नियमाप्रमाणे स्वाराने आता प्रेक्षकांना अभिवादन करायचं असतं. आर्विडने शाळा सुटल्यापासून चारचौघांत खांद्याच्या वर हात नेलेला नव्हता. तो हात आत्ता कसा वर गेला हे त्यालाही कळलं नाही. त्याने ती परातीएवढी हॅट काढली, वाकून असा काही मुजरा केला की हॅटने धूळ झाडली, आणि मग चक्क ती हवेत भिरकावली. ती गुंडरच्या मांडीवर जाऊन पडली. मग बाकांवर कुणीतरी टाळी वाजवली, आणि टॉलेफसन घराण्याच्या इतिहासात प्रथमच एका टॉलेफसनसाठी लोक उभे राहिले. गुंडर तर हॅट घालूनच उभे राहिले.

ध्वनिक्षेपक बंदच असल्यामुळे परीक्षकांना मैदानाच्या मध्यभागी उभं राहून ओरडून निकाल सांगावा लागला. "हा कुठला प्राणी आहे मला माहीत नाही," ते मिशी ओढत म्हणाले, "पण आपण परेडला आलोय हे आज एवढ्या घोड्यांत फक्त यालाच पटलेलं होतं. निळी रिबन!"

पामर सुलतानला पकडून घाम पुसत आला. निळी रिबन बामसेच्या लगामाला लागलेली त्याने पाहिली. "वाईट नाही," तो म्हणाला. ते शब्द बाहेर काढताना त्याला किती कष्ट झाले हे आर्विडला दिसत होतं आणि त्या क्षणी त्याला मेहुण्याबद्दल मनापासून माया वाटली.

रॅग्ना स्टॉलमधून आली, दोन्ही हात पिठाने माखलेले. मागे महिला मंडळ तावातावाने काहीतरी बोलत होतं.

"वीज कशी गं गेली?" आर्विडने विचारलं.

"वॅफलची दोन्ही यंत्रं एकदम लावली."

"पण पाटी आहे ना तिथे, एका वेळी एकच लावा म्हणून?"

"पाटी मीच लिहिलीय," ती म्हणाली. "त्या भोंग्यात बिचाऱ्याला त्याचं काही ऐकूच येत नव्हतं. खिडकीतून दिसत होतं मला." मग ती पामरकडे वळली. "दादा, तो ट्रेलर सोमवारी घेऊन ये तू. पण रिकामा आणू नकोस. लाकडं आण. छप्पर मोठं करायचंय." आणि तिने पिठाचा हात बामसेच्या नाकावर ठेवला. बामसेने तो चाटून साफ केला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सगळे सोल्ये परत जाऊन पोचले होते आणि सगळ्या बायका ते लावूनच चर्चला आल्या होत्या. गवताचा, घामाचा, थोडासा घोड्याचा वास सगळीकडे दरवळत होता, आणि कुणाचीही तक्रार नव्हती. टॉलेफसन नवरा-बायको शेवटच्या बाकापाशी आले. तिथेच बसायचे ते, लग्न झाल्यापासून. हॉग्लीत सगळेच मागे बसतात. जो उशिरा येतो त्याला लाजत मधल्या बाकापर्यंत जावं लागतं, आणि पहिला बाक तर चर्च बांधल्यापासून रिकामाच. आर्विड सवयीने वळला. रॅग्नाने त्याचं कोपर धरलं.

"चल पुढे."

"पुढे कुठे?"

ती थांबली नाही. मधल्या वाटेने त्याला घेऊन चालत राहिली. माना वळत गेल्या. क्योसबाईंचा हात ऑर्गनवर चुकला. पास्टर लुंडे, ज्यांनी आठवडाभर खपून नम्रतेवर प्रवचन लिहिलं होतं, ते कागद हातात धरून बघतच राहिले. रॅग्ना पहिल्या बाकावर बसली आणि शेजारची जागा हाताने झटकून दिली.

आर्विड बसला. त्याचे कान लाल झाले होते. "रॅग्ना," तो कुजबुजला, "इथून पास्टर फारच जवळ दिसतात गं."

"पास्टरना बघायला आलोय का आपण इथे?" ती पुढे बघत म्हणाली. "नीट ताठ बस. मागे सगळ्यांना दिसायला हवास."